शिकाऊ हात, जाणती देखरेख

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात दोन मोठी रुग्णालयं आहेत. एक महापालिकेचं, साडेसातशे खाटांचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळं शहर ‘वायसीएम’ म्हणतं, दुसरं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं. दोन्हीकडे पदव्युत्तर शिक्षण चालतं. त्यामुळे केसपेपर हातात घेऊन पहिले चार प्रश्न विचारणारा किंवा रात्री दोन वाजता अपघाताच्या पेशंटला टाके घालणारा डॉक्टर पुष्कळदा अजून शिकत असलेलाच असतो. प्रेसखाली बोट चेपलेला कामगार त्या डॉक्टरचं वय विचारत बसत नाही. राउंडला मोठे डॉक्टर येतील, काही चुकलं तर दुरुस्त करतील, एवढा भरवसा त्याला पुरतो. मात्र त्याच कामगाराच्या घरात सहा महिन्यांचा अबोला असेल, दारूपायी रोज रात्री ताटं आपटत असतील, शाळेत जाणारी मुलगी जेवणं टाकून बसली असेल, तर त्यासाठी शिकाऊ माणूस चालेल का, असं विचारलं की हाच माणूस आणि त्याच्याहून शिकलेले सगळे मान हलवतात. माझं म्हणणं असं की चालेल. एवढंच नव्हे, पिंपरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्याला परवडेल असा कुटुंबोपचार उभा राहायचा असेल तर तो शिकाऊ थेरपिस्टांच्याच बळावर राहील. अट एकच आहे आणि ती कडक आहे. त्यांच्या कामावर रोज, प्रत्यक्ष आणि जाणत्या माणसाची देखरेख हवी. ती नसेल तर हा उद्योग सुरूच करू नये.

आधी घर पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याच सुमारास टेल्को आणि बजाज. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहरात जुनी म्हणावी अशी घरं थोडीच. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर-सांगलीकडची, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशाची माणसं इथे आली ती कामाच्या शोधात, आणि कुटुंब मागाहून हप्त्याहप्त्याने आलं. पहिल्या पिढीला कायम नोकरी मिळाली, युनियन मिळाली, वसाहतीत खोली मिळाली. चाकणच्या पिढीच्या वाट्याला बहुतकरून ठेकेदार आला. पाळी दर आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीहून आलेला बाप दिवसा झोपतो म्हणून पोरांनी दोन खोल्यांत आवाज न करता जगायचं. गावाकडून आलेली सासू सहा महिने राहते आणि सहा महिने फोनवरून राहते. सूनही कुठल्या तरी पॅकिंगच्या कामाला जाते, आणि तिचा पगार कुणाच्या खात्यात जायचा यावरून वाद पेटतो. घराच्या कर्जाचा हप्ता, भावकीतली जमीन, नणंदेचं लग्न आणि मुलाचे कमी पडलेले गुण हे चार विषय एकाच जेवणाच्या वेळी निघतात. यातल्या कुणालाही वेगळं काढून ‘पेशंट’ ठरवलं तरी बाकीचं घर तसंच राहतं, आणि गोळ्या घेऊन शांत झालेला माणूस संध्याकाळी परत त्याच घरात जातो.

गावात अशा वेळी कुणीतरी मध्ये पडायचं. ती सोय इथे अगदी नाहीशी झालेली नाही. वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर मामा, चुलते आणि सोयरीक जमवणारे मध्यस्थ अजूनही उतरतात, सुटीच्या दिवशी बैठक बसते, आणि निकाल लागतो. हा निकाल बहुधा एका वाक्याचा असतो: जुळवून घ्या. जुळवून कुणी घ्यायचं हे त्या वाक्यात नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. बैठकीत सर्वांत कमी बोललेलं माणूसच सर्वांत जास्त जुळवून घेतं. संत तुकाराम नगर ज्यांच्या नावाने आहे त्या तुकोबांच्या संसारातली त्यांची पत्नी आवली हिची करकर महाराष्ट्राने शतकानुशतकं कीर्तनातून ऐकली. आवलीचं म्हणणं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. बैठकीची हीच उणीव आहे.

दुसरी दारं आहेत, पण ती उशिरा उघडतात. पुण्यात १९८९पासून कुटुंब न्यायालय आहे, तिथे विवाह समुपदेशक आहेत, आणि १९८४च्या कायद्यानुसार तडजोडीचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्यच आहे. पण तिथे पोचेपर्यंत दोन वकील लागलेले असतात. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये तक्रार घेऊनच जावं लागतं. तक्रार केली की नातं बदलतं, मग ते सुधारो वा न सुधारो. खासगी समुपदेशकाची फी एका तासाला हजाराच्या घरात किंवा त्याहून वर. कंत्राटी कामगाराची दिवसाची मजुरी तिला पुरत नाही, आणि कुटुंबोपचारात एका तासाने भागत नाही. राहता राहिला सरकारी मानसोपचार विभाग. देशात लाख लोकसंख्येमागे जेमतेम पाऊण मानसोपचारतज्ज्ञ असल्याचा अंदाज आहे, आणि २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बहुतेक मानसिक आजारांत उपचाराबाहेर राहणाऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असल्याचं दाखवलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारला आंतरराष्ट्रीय निकषांइतके तज्ज्ञ उभे करण्याचा प्रयत्न करायला दहा वर्षं दिली. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला, म्हणजे मुदत २०२८पर्यंत. तेवढ्यात एवढे तज्ज्ञ तयार होणार नाहीत हे कुणीही सांगेल. तज्ज्ञांची वाट पाहत बसणं हा तटस्थपणा नाही. तोही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत वर सांगितलेली घरं भरतात.

मग पुरावा काय? सर्वांत भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातून येतो. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक तरुणांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी ज्यांना सहा ते आठ भेटींचा हा उपचार मिळाला त्यांच्यातले ६४ टक्के तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांच्या जोडीच्या अभ्यासात फरक लहान होता, ३६ विरुद्ध २६ टक्के, पण होता. आपल्या विषयासाठी याहून मोलाची नोंद नैराश्याच्या अभ्यासात आहे: उपचार मिळालेल्या स्त्रियांनी जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण कमी झाल्याचं सांगितलं. उपचार एकीचा होता, हलली दोघांमधली गोष्ट. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते उभे केले, आणि नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. साताऱ्याचा अनुभव जास्त सावध करणारा आहे. तमिळनाडू, गोवा आणि सातारा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यकर्ते घरी जात, नातेवाइकांशी बोलत, आजार समजावून सांगत. फायदा झाला, पण माफक, आणि ठिकाणागणिक कमी-जास्त. जुना, गंभीर आजार असेल तिथे शिकाऊ हाताची मर्यादा लवकर लागते.

कुणी लगेच म्हणेल की यातलं एकही उदाहरण निव्वळ कुटुंबोपचाराचं नाही. खरं आहे, आणि ही उणीव झाकण्यात अर्थ नाही. एका माणसाशी ठरलेल्या पायऱ्यांनी बोलणं वेगळं आणि चार माणसांना एका खोलीत बसवणं वेगळं. चौथं माणूस मध्येच उठून गेलं की पायऱ्या कोसळतात. पण कुटुंबोपचाराच्या इतिहासातच याचं उत्तर सापडतं. फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन आणि जे हेली यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस नेमका हाच प्रयोग केला. गरीब कृष्णवर्णी आणि पोर्तो रिकन वस्त्यांमधल्या, फार शिक्षण नसलेल्या माणसांना त्यांनी कुटुंबोपचारक म्हणून घडवलं. व्याख्यानांवर भर न देता त्यांना थेट कुटुंबापुढे बसवलं आणि एकतर्फी काचेआडून मार्गदर्शक पाहत राहिले. गाडी घसरायला लागली की फोन वाजे किंवा मार्गदर्शक स्वतः आत येई. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्समध्ये कुटुंब मानसोपचार केंद्र कित्येक दशकं मानसोपचार, चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोसामाजिक कार्याच्या विद्यार्थ्यांच्या हातून कुटुंबं पाहत आलं आहे. त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. कुटुंबाला उपचारात सामील करणं ही परदेशातून आलेली हौस आहे, हा समज त्या तंबूंनी तेव्हाच खोडून काढला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनी माणसाच्या बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं नाही, ‘सहचरी’च्या गटातून तिचं वेगळं ऐकून घेण्याची वहिवाट पाडली.

या सगळ्या उदाहरणांत समान धागा शोधला तर तो पदवीचा नाही, देखरेखीचा आहे. गोव्यातल्या समुपदेशकांची सत्रं ध्वनिमुद्रित होत. दर आठवड्याला गट बसे, एकमेकांची मुद्रणं ऐकून ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देई, आणि सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. उलट, देखरेख नसताना अनुभवाचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वर्षं वाढली म्हणून थेरपिस्टांचे निकाल सरासरीने सुधारले नाहीत, किंचित घसरलेच. सुधारलं ते इतकंच, की त्यांचे रुग्ण अर्ध्यातून सोडून जाण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे बंद दाराआड, कुणीही न पाहता वीस वर्षं काम केलेल्या माणसाची फी भरताना आपण ज्याचे पैसे देतो ती गोष्ट आपण समजतो तितकी पक्की नाही. दर आठवड्याला ज्याचं काम दुसरं कुणी तपासतं, असा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका अर्थाने जास्त सुरक्षित. हे या पट्ट्याला समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आयटीआयची पोरं इथल्या मोठ्या कारखान्यांत मशिनवर उभी राहतात आणि त्यांच्या हातचा भाग तपासणीतून पास झाला तर गाडीला लागतो. तो शिकाऊने केला की कायम कामगाराने, हे गाडी घेणाऱ्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. तपासणीच नसेल तर मात्र कुणाच्याही हातचा भाग गाडीला लावू नये.

आता सांस्कृतिक जाणिवेचा प्रश्न, कारण स्वस्त असूनही परका वाटणारा उपचार कुणी दुसऱ्यांदा घ्यायला येत नाही. आपल्या घरात थोरल्याच्या आधी धाकट्याने बोललं की खोली गोठते. सुनेला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं सासूदेखत विचारणं म्हणजे तिला संकटात टाकणं; तिला आधी वेगळं भेटावं लागतं, पण वेगळं भेटल्याचं सासूला खटकणार नाही अशा बेताने. घरी परतल्यावर काय होईल याचा अंदाज घेऊनच खोलीत काय बोलायचं ते ठरवावं लागतं. आहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी आजी पुस्तकी मराठीपुढे गप्प होते, आणि भोजपुरी बोलणारा बाप हिंदी ऐकूनही सावध राहतो. अंगात येणं, बाहेरची बाधा, कुळधर्म चुकल्याची भीती यांना हसणारा समुपदेशक तिथल्या तिथे बाद होतो. त्यांना मान डोलावणारा जास्त नुकसान करतो. चंदीगडमध्ये १९८०च्या दशकात विग, लेफ आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांचा अभ्यास केला तेव्हा लंडनमध्ये घडवलेल्या मोजपट्टीवर इथले नातेवाईक रुग्णावर खूपच कमी टीका करताना दिसले. पण ज्या घरात उघड वैरभाव होता तिथे आजार उलटण्याचा संबंध इथेही आढळला. आपली घरं निराळी आहेत हे खरं. आपल्या घरांत जखम होत नाही, हे त्यावरून ठरत नाही.

सांस्कृतिक जाणिवेच्या नावाखाली सर्वांत मोठा घात इथेच होतो. घर टिकवणं हीच आपली संस्कृती असं गृहीत धरलं की समुपदेशन म्हणजे त्या बैठकीचीच वातानुकूलित आवृत्ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. अशा घरात दोघांना समोरासमोर बसवून ‘दोघांचंही चुकतं’ म्हणणं हा उपचार नव्हे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि २००६चे त्याचे नियम याबाबत पुष्कळ समुपदेशकांपेक्षा स्पष्ट आहेत: या कायद्याखालच्या समुपदेशनात हिंसेचं कोणतंही समर्थन प्रतिवादीला मांडू द्यायचं नाही, आणि तसं त्याला आधीच सांगायचं. शिकाऊ मुलीला हा नियम पाठ असतो. समोर पन्नाशीचा माणूस ‘जेवण वेळेवर नव्हतं म्हणून हात उठला’ असं शांतपणे सांगतो तेव्हा तोच नियम तोंडावर येत नाही. त्या क्षणी काचेआडून किंवा शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी मदतीला येणं, हीच देखरेखीची खरी परीक्षा.

तेवीस वर्षांची अविवाहित पोर आमच्या घरात काय सांगणार, हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. काही सांगायला ती बसलेलीच नसते, हे त्याचं उत्तर. जिथे उपदेश करायचा असतो तिथे वय लागतं. तिचं काम विचारण्याचं आणि प्रत्येकाला बोलून संपवू देण्याचं. ते तिला काकू, मावशी म्हणत, वयाचा मान राखत करता येतं, आणि पुष्कळदा वडीलधाऱ्या समुपदेशकापेक्षा बरं करता येतं, कारण घरातल्या तरुण मुलाला ती न्यायाधीश वाटत नाही. तरीही काही घरांत हे जमणार नाही. तिथे मार्गदर्शकाने पहिल्या भेटीपासून जोडीने बसावं.

गरिबांवरच प्रयोग का, हा दुसरा आक्षेप, आणि तो निव्वळ भावनिक म्हणून झटकता येत नाही. वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास गरिबांच्या शरीरावर लिहिला गेला आहे. म्हणून तीन गोष्टी कागदावर हव्यात: समोरचा माणूस शिकतो आहे हे पहिल्या वाक्यात सांगणं, नकार दिला तर तीच सेवा दुसऱ्याकडून मिळणं, आणि मुद्रण करायचं असेल तर घरातल्या प्रत्येकाची वेगळी संमती, कर्त्या पुरुषाची एकट्याची नव्हे. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या कायद्यातच आहे. वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात. शिकाऊ मुलगी शेजारच्या इमारतीत राहणारी निघाली तर तिला ते कुटुंब देऊ नये, इतकं साधं पथ्यही लेखी असावं लागतं.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही तो निराळाच आहे. शिकाऊ माणूस निघून जातो. नेमणूक संपते, परीक्षा येते, आणि ज्या घराने मोठ्या मुश्किलीने एका तिऱ्हाइतावर विश्वास टाकला त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. सहा ते आठ भेटींची मर्यादा आधीच ठरवली, शेवटच्या भेटीत नव्या माणसाला सोबत बसवलं आणि मार्गदर्शक तोच राहिला तर तुटणं कमी होतं, थांबत नाही. म्हणूनच ‘स्वस्त’ शब्दाने फसू नये. शिकाऊंचा वेळ स्वस्त असतो, मार्गदर्शकाचा नसतो, आणि एका मार्गदर्शकाकडे पाच-सहा जणांहून अधिक दिले की देखरेख सहीपुरती उरते. बहुतेक योजना इथेच मरतात: शिकाऊ भरपूर घेतले जातात, खोलीला नाव मिळतं, उद्घाटन होतं, आणि मार्गदर्शकाचं पद रिक्त राहतं. एकेकाळी आशियातली सर्वांत श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या महापालिकेला दोन-तीन कायम मार्गदर्शकांचा पगार जड नाही. कंपन्यांकडे सामाजिक दायित्वाचा दोन टक्के निधी आहे, पण तो वर्षागणिक वळतो, त्यामुळे पगार त्यावर टांगू नयेत. खोल्या आणि मुद्रणाची यंत्रणा त्यातून घ्यावी. दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत येतो आणि त्या योजनेचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे. तिथून संत तुकाराम नगरात कुटुंब पाठवण्याची चिठ्ठी मिळू लागली तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं वेळापत्रकात आहे. मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा सकाळी चालते, तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस कामावर असतो, तिसऱ्या पाळीचा झोपलेला आणि मुलं शाळेत. रविवारी शाळा बंद, पण कारखाने चालू. पिंपरी-भोसरी-चाकणची साप्ताहिक सुटी गुरुवारची. चार माणसांचं कुटुंब एकत्र सापडायचं असेल तर कुटुंबोपचाराचा विभाग गुरुवारी दुपारी चार ते रात्री आठ उघडा ठेवावा लागेल, शाळा सुटल्यानंतर आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा डबा भरायच्या आधी. आणि त्या चार तासांत मार्गदर्शक फोनवर उपलब्ध असून चालणार नाही. तो इमारतीत असावा लागेल.